कलपाच्या पुडीवरची बारीक अक्षरे

केस काळे करायला पूर्वी निदान अर्धा रविवार लागायचा. जुनी वर्तमानपत्रे अंथरायची, वाटीत पूड कालवायची आणि मानेवर ओघळ येऊ नये म्हणून पंचा गुंडाळून बसायचे. आता चहा-वडापावच्या पैशात पुडी मिळते. ती फोडून शाम्पूसारखी डोक्यावर चोळली की पाच-दहा मिनिटांत काम होते. किराणा दुकानाच्या दारात या पुड्यांच्या माळा कॉफीच्या पुड्यांशेजारी लटकलेल्या असतात. कलप लावणारा म्हणजे साठीचा गृहस्थ हे चित्रही मागे पडले. कॉलेजातली मुलेमुली बरगंडी, तांबडा, निळा असे रंग लावतात आणि तिशीतली माणसे नोकरीच्या मुलाखतीआधी कानशिलावरचे चार पांढरे केस लपवतात. त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो रंग लावण्याची घाई वाढली आणि त्यामागचे रसायन मात्र तेच राहिले याचा.

लग्नसराईत आणि सणासुदीला सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात एक ठरावीक प्रकारचा रुग्ण दिसतो. पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळे उघडत नाहीत, कपाळ आणि कानांमागे पाणी भरलेले फोड, मानेवर खाज. ‘काही खाण्यात आले का’ यावर घरच्यांची चर्चा आधीच होऊन गेलेली असते. कलपाचा विषय निघाला की उत्तर मिळते, ‘तो तर दहा वर्षे लावतोय, कधी काही झाले नाही.’ हे उत्तर खरे असते, आणि निदानाची किल्लीही त्यातच असते.

बहुतेक टिकाऊ काळ्या आणि तपकिरी रंगांच्या मुळाशी पॅराफेनिलिनडायअमिन हे रसायन असते. डॉक्टर त्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात. १९०७ साली फ्रेंच रसायनतज्ज्ञ यूजीन शुलर यांनी कृत्रिम केशरंग बाजारात आणला. पुढे त्यांच्याच कंपनीची लॉरिआल झाली. रंग टिकवण्याची ती मूळ युक्ती आजही फारशी बदललेली नाही. पीपीडीची अ‍ॅलर्जी शिंकांच्या अ‍ॅलर्जीसारखी लगेच उमटत नाही. शरीरातल्या पेशी त्या रसायनाची आधी ‘ओळख’ करून घेतात. ही ओळख पहिल्या वापरात होईल, विसाव्यात होईल किंवा कधीच होणार नाही. एकदा झाली की मात्र ती सहसा जन्मभर राहते. नंतरच्या प्रत्येक वापरानंतर एक-दोन दिवसांनी सूज, लाली आणि फोड येतात. गंमत म्हणजे टाळूची कातडी जाड असल्याने तिथे बऱ्याचदा कमी दिसते आणि पातळ कातडीच्या पापण्यांवर जास्त. त्यामुळे संशय काजळावर, डोळ्याच्या थेंबांवर, कोळंबीवर जातो; कलप सुटतो.

या ओळखीची किंमत केसांपुरती राहत नाही. पीपीडी न चालणाऱ्या काही जणांना कपड्यांचे गडद रंग, काही रबरी वस्तू, तोंडातल्या जखमांवर लावायच्या मलमात असणारे बेन्झोकेन हेही चालेनासे होते, कारण रसायनांची घडण सारखी आहे. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर आणखी दोन गोष्टी होतात आणि त्यांचा त्रास सुजेपेक्षा जास्त दिवस टिकतो. एक म्हणजे केसांच्या रेषेलगत कपाळ आणि गाल हळूहळू काळवंडणे. दुसरी म्हणजे टाळूवर, कपाळावर किंवा मिशीच्या जागी पांढरे चट्टे, म्हणजे रसायनामुळे आलेला कोडासारखा डाग. काळवंडलेल्या कपाळावर लोक औषधाच्या दुकानातून गोरे करणारे स्टिरॉइडमिश्रित मलम आणून चोळतात, आणि वरून कलप चालूच ठेवतात. मूळ कारण तसेच आणि त्यावर स्टिरॉइडने पातळ झालेली, पुरळ आलेली कातडी, असा दुहेरी रुग्ण मग विभागात येतो. पांढऱ्या डागाची गोष्ट तर आपल्या समाजात कातडीपुरती राहतच नाही, हे वेगळे सांगायला नको.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो पाकिटावर छापलेला असतो. भारतात सौंदर्यप्रसाधनांचे नियम औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० या कायद्याखाली येतात. त्यानुसार पीपीडीसारखे रंग असलेल्या उत्पादनावर सावधानतेची सूचना आणि चाचणीची पद्धत इंग्रजीत व स्थानिक भाषांत देणे बंधनकारक आहे. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी जागा धुऊन, वापरासाठी कालवलेला रंग ठिपक्याएवढा लावायचा, वाळू द्यायचा आणि चोवीस तासांनी धुऊन बघायचे. ही चाचणी एकदाच नव्हे, प्रत्येक वापराआधी करायची. ‘प्रत्येक’ हा शब्द नियमातच आहे, आणि दहा वर्षे कलप लावणाऱ्यांनी तो नीट वाचावा. अ‍ॅलर्जी उशिरा उमटत असल्याने चोवीसऐवजी अठ्ठेचाळीस तास थांबणे अधिक शहाणपणाचे. पापण्या आणि भुवया रंगवू नयेत, आंधळेपणा येऊ शकतो, हीदेखील सूचना त्यातच असते. ती उगाच आलेली नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने बायकांची दृष्टी गेली. त्या रंगात पीपीडीच होते. अशा प्रकरणांच्या रेट्यानेच तिथला १९३८चा अन्न, औषध व प्रसाधन कायदा आला.

नियम कागदावर नीट आहे. व्यवहारात तो तीन ठिकाणी गळतो. पुडीवर जागाच इतकी थोडी की चाचणीची पद्धत मुंगीच्या अक्षरांत जाते. चाळिशी पार केलेल्या माणसाने, ज्याला कलपाची गरज असते, ती चष्मा लावूनही वाचता येत नाही. सलूनमध्ये गिऱ्हाइकाला पाकीट दिसतच नाही, वाटीतला काळा लगदा तेवढा दिसतो. आणि पाच मिनिटांत केस काळे करून देणाऱ्या शाम्पूच्या जाहिरातीला दोन दिवस आधीची चाचणी परवडत नाही. वस्तू विकायची घाईच्या नावावर आणि सूचना द्यायची सबुरीची, हे गणित जमणारे नाही. युरोपीय संघाने वापरण्याच्या मिश्रणात पीपीडीची मर्यादा २ टक्के ठेवली आहे आणि सोळा वर्षांखालील मुलांसाठी ही उत्पादने नाहीत असे पाकिटावर लिहायला लावले आहे. आपल्याकडे दहावीच्या निरोप समारंभासाठी केस रंगवले जातात.

‘आम्ही केमिकल लावत नाही, काळी मेंदी लावतो’ हे वाक्य तर रोजचे. मेंदीच्या पानातला रंग लॉसोन नावाच्या द्रव्याचा. तो केसाच्या प्रथिनाला चिकटतो आणि केशरी-तांबडा दिसतो. काळी मेंदी नावाची वनस्पती नाही. मेंदीनंतर निळीच्या झाडाच्या पानांची पूड लावून काळसर छटा आणता येते, पण त्याला काही तास बसावे लागते. अर्ध्या तासात कुळकुळीत काळा रंग देणारी ‘हर्बल’ मेंदी असेल तर तिच्या घटकांच्या यादीत पीपीडी शोधावे. बऱ्याचदा ते सापडते, आणि यादीच नसेल तर ती पुडी घेऊच नये. जत्रेत किंवा पर्यटनस्थळी हातावर काढून मिळणारी झटपट काळी मेंदी त्याहून वाईट. तिथे प्रमाणाला धरबंध नसतो, आणि लहानपणी अशा नक्षीतून झालेली ‘ओळख’ पंचवीस वर्षांनी पहिल्या कलपाच्या वेळी बाहेर पडते. खऱ्या मेंदीची अ‍ॅलर्जी क्वचितच होते. एक अपवाद जाता जाता सांगायला हवा. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना मेंदी लावल्यावर रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. बारशाला बाळाच्या तळपायांना मेंदी लावण्याची हौस आवरावी.

आता केसांचे. मुळाच्या वर आलेला केस निर्जीव असतो, त्यामुळे तो ‘बरा’ होत नाही. त्याची झीज कमी करता येते एवढेच. केसाचा बाहेरचा पापुद्रा कोकणातल्या कौलारू छपरासारखा असतो, एकावर एक कौल चढवल्यासारखा. टिकाऊ रंग आत घालायचा तर आधी ही कौले उचकटावी लागतात. ते काम अमोनिया करतो. मग हायड्रोजन पेरॉक्साइड केसातला मूळ रंग फिका करतो आणि रंगाच्या छोट्या रेणूंना आत एकमेकांशी जोडून मोठे करतो. मोठे झालेले रेणू बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग टिकतो. या खटाटोपात केसावरचा तेलकट नैसर्गिक थर निघून जातो आणि आतल्या प्रथिनांना घट्ट धरणारे गंधकाचे बंध काही प्रमाणात तुटतात. रंगवलेले केस पाणी जास्त पितात, राठ लागतात, गुंततात आणि त्यांना फाटे फुटतात, ते यामुळे. काळ्यावरून एकदम सोनेरी किंवा निळा रंग हवा असेल तर आधी ब्लीच करावे लागते आणि तिथे नुकसान सर्वांत जास्त असते.

‘अमोनिया-फ्री’ या शब्दावर त्यामुळे फार भाळू नये. अमोनियाच्या जागी बहुधा इथेनॉलअमिन येते. नाकाला झोंबणारा वास जातो, पण कौले उचकटण्याचे काम कोणीतरी करतेच, आणि पीपीडी किंवा त्याचा चुलत भाऊ आत असतोच. अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने अमोनिया हा गुन्हेगारच नव्हता. न केलेल्या गुन्ह्यातून मुक्तता मिळाल्याची जाहिरात पाकिटावर मोठ्या अक्षरांत आणि खरा आरोपी मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, असा हा प्रकार आहे.

केस जपायचे तर सर्वांत उपयोगी सवय म्हणजे दर वेळी सगळे केस न रंगवणे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. पाच-सहा आठवड्यांनी जो दीड सेंटीमीटर पांढरा भाग मुळाशी दिसतो तेवढाच रंगवावा. टोकापर्यंत पुन्हा पुन्हा रंग ओढला तर लांब केसांची टोके वर्षभरात आठ-दहा वेळा पेरॉक्साइड पितात. रंग ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवल्याने अधिक पक्का होत नाही, फक्त टाळू जास्त वेळ रसायनात राहते. टाळूवर ओरखडे, कोंड्याची खाज किंवा फोड असतील तर तो आठवडा जाऊ द्यावा. लोखंडी कढईत भिजवलेली मेंदी लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यातले लोहाचे अंश किंवा काही तयार मेंद्यांतले धातूंचे क्षार केसांवर राहिले असतील आणि वर पेरॉक्साइडचा रंग लावला तर प्रक्रिया बिघडते, केस तापतात, तुटतात. मेंदीवरून कलपाकडे जाणाऱ्यांनी आधी मागची एक बट रंगवून पाहावी.

रंगवल्यानंतर शाम्पू कोणता, यावर लोक जितका पैसा आणि वेळ घालवतात तितका त्याचा प्रभाव नाही. रंग उतरण्याचे मोठे कारण पाणीच आहे. रोज डोक्यावरून कढत पाणी घेणाऱ्याचा रंग महागड्या शाम्पूनेही वाचत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, कोमट पाण्याने आणि नंतर कंडिशनर, एवढे पुरते. कंडिशनर मुळांना नाही, लांबीला लावायचा. खराब झालेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधले धनभारित रेणू नेमके तिथेच चिकटून कौले बसवल्यासारखी करतात. मराठवाड्यात, विदर्भात आणि शहरांच्या टँकरवर जगणाऱ्या उपनगरांत बोअरच्या जड पाण्याचा प्रश्न आहे. रंगवलेला केस क्षार जास्त धरतो आणि अधिक राठ होतो. शक्य असेल तिथे शेवटचे दोन तांबे तरी पावसाच्या किंवा नळाच्या पाण्याचे घ्यावेत.

खोबरेल तेलाची आजीची शिफारस इथे टिकते. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून दाखवले की धुण्याआधी लावलेले खोबरेल केसातून प्रथिने धुऊन जाणे कमी करते. बाकीच्या दोन तेलांना ते जमले नाही. संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच विभागात झाले, हे लक्षात ठेवून ते वाचावे, पण त्यामागचे कारण रसायनशास्त्राला पटणारे आहे: खोबरेलातले लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचे असल्याने केसाच्या आत शिरते. धुण्याआधी काही तास लावले तर पुरे. तेलाने केस काळे होत नाहीत, उगवतही नाहीत. तेवढे अपेक्षेचे ओझे त्याच्यावर टाकू नये. ओल्या केसांवर तापती इस्त्री फिरवणे हा रंगवलेल्या केसांचा सर्वांत मोठा शत्रू. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे होतात आणि तिथे तो मोडतो. उन्हाने रंगही विटतो आणि प्रथिनेही झिजतात. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुलींनी तोंडा-डोक्याला बांधलेल्या ज्या स्कार्फची चेष्टा होते, तो केसांसाठी चांगलाच.

केस सरळ करून घेणे आणि रंगवणे एकाच बैठकीत उरकण्याची टूम आहे. केसांसाठी ती वाईट आहेच, पण अलीकडे शंका मूत्रपिंडांपर्यंत पोहोचली आहे. फॉर्मल्डिहाइडला पर्याय म्हणून सरळ करण्याच्या क्रीममध्ये ग्लायॉक्झिलिक आम्ल आले. मार्च २०२४ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत मांडली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तिन्ही वर्षी, सलूनमधून केस सरळ करून आल्यावर तिच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली होती. त्या क्रीममध्ये १० टक्के ग्लायॉक्झिलिक आम्ल होते. उंदरांवर ते क्रीम लावल्यावर त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक सापडले. त्वचेतून शिरलेल्या आम्लाचे शरीरात ऑक्झॅलेट होते, असा त्याचा अर्थ. २०२५च्या सुरुवातीला फ्रान्सच्या आरोग्य सुरक्षा संस्थेने अशी उत्पादने टाळावीत असा सल्ला दिला. सलूनमध्ये ‘केराटिन’ किंवा ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ असा शब्द ऐकल्यावर नेमके काय आहे ते विचारणे म्हणूनच अगोचरपणाचे नाही. केस सरळ केल्यानंतर दोन-तीन दिवसांत पोटात किंवा कंबरेत दुखू लागले, उलट्या झाल्या, लघवी कमी झाली तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

कर्करोगाचा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्यांच्या संपर्काला ‘संभाव्य कर्करोगकारक’ म्हटले, पण स्वतःचे केस रंगवणाऱ्यांबाबत निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही असे नोंदवले. २०२० साली अमेरिकेतल्या १ लाख १७ हजार परिचारिकांच्या ३६ वर्षांच्या पाहणीत टिकाऊ रंगामुळे बहुतेक कर्करोगांचा धोका वाढलेला दिसला नाही. स्तनाचे काही उपप्रकार आणि अंडाशयाचा कर्करोग यांत थोडी वाढ दिसली. २०१९च्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण रंग वापरणाऱ्यांत ९ टक्के अधिक आढळले, कृष्णवर्णीय स्त्रियांत त्याहून बरेच जास्त. ‘९ टक्के अधिक’ म्हणजे शंभरातल्या नऊ जणींना नव्हे. मुळात जेवढा धोका असतो त्याच्या नऊ टक्के जास्त. महिन्या-दीड महिन्याने मुळांना रंग लावणाऱ्या बाईने एवढ्यावरून झोप उडवून घेऊ नये. गरोदरपणात पहिले तीन महिने थांबावे. त्यात भीतीपेक्षा सावधपणाचा भाग आहे.

काळजी करायची तर सलूनमधल्या पोराची करावी. दिवसाला आठ-दहा डोकी, उघडे हात, बंद खोली आणि एसीची तीच ती हवा. हातांचा इसब वाढत जातो, बोटांना चिरा पडतात. ब्लीचमधल्या परसल्फेटमुळे दमा लागतो आणि शेवटी हातातली कला असूनही काम सोडावे लागते. पाकिटातले पातळ प्लास्टिकचे हातमोजे एका वेळेपुरते असतात. धुऊन, उलटे करून पुन्हा घातले तर आतच रंग राहतो. नायट्राइलचे हातमोजे, रंग कालवताना उघडी खिडकी आणि दर गिऱ्हाइकामागे नवी जोडी हा खर्च मालकाने करायचा असतो. गिऱ्हाइकाने त्याबद्दल विचारले तर मालकाला तो करावासा वाटेल.

घरात कलप असेल तर तो कुलपात ठेवावा. पीपीडी पोटात गेले तर काही तासांत जीभ आणि मान सुजून श्वास बंद होतो, पुढे स्नायू विरघळतात, लघवी काळी होते आणि मूत्रपिंडे थांबतात. त्यावर उतारा नाही. लहान मूल चुकून प्यायले असो वा मोठ्या माणसाने नैराश्याच्या भरात घेतले असो, ओकाऱ्या काढत बसण्यात वेळ न घालवता श्वासनलिकेला छेद देण्याची सोय असलेले रुग्णालय गाठावे. मनाने खचलेल्यांसाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मराठीतूनही चालतो.

पंचविशीच्या आत बरेच केस पिकत असतील तर कलपाआधी रक्ततपासणी करावी: ब-१२ जीवनसत्त्व, लोह, थायरॉइड. शाकाहारी घरांत ब-१२ची कमतरता वारंवार सापडते आणि भरून काढता येते. बहुतेकांत मात्र कारण आनुवंशिक असते. आणि कलपानंतर काही उमटलेच तर डोके भरपूर पाण्याने धुवावे, हळद किंवा कोरफड चोपडू नये, आणि डॉक्टरकडे येताना ती पुडी किंवा रिकामा खोका सोबत आणावा. पाठीवर चिकटपट्टी लावून करायच्या चाचणीत कोणते घटक घ्यायचे ते त्यावरूनच ठरते, आणि कचऱ्यात गेलेल्या पाकिटाचे नाव रुग्णाला सहसा आठवत नाही.